आमची वाटचाल : लगाम घालायचा धंदा

लोकांचे प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवर चालवून द्यायचे आणि एकाच्या खादाडपणाची झळ शेजाऱ्याला लागू द्यायची नाही, हे आमचं काम.

सुरुवात युलिमिटवर, म्हणजे लिनक्समधल्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) हद्द घालणाऱ्या कमांडवर. तिच्या 'व्ही' पर्यायाने आभासी मेमरी (प्रोग्रॅमने मागून ठेवलेले मेमरीचे पत्ते) किलोबाइटमध्ये बांधायची, 'टी'ने प्रोसेसरचा वेळ सेकंदांत. पण ही हद्द प्रत्येक प्रोसेसला वेगळी मिळते. प्रोग्रॅमने आठ चाइल्ड प्रोसेस (स्वतःची पोरं) काढल्या की आठपट मेमरी खायला मोकळा. शिवाय जावा गरजेपेक्षा कितीतरी जास्त मेमरीचे पत्ते आधीच अडवून ठेवते. 'व्ही' आवळला तर ती उठतच नाही.

कंपनी बुडायची वेळ आली ती यातूनच. एका ग्राहकाचा रात्रीचा रिपोर्ट असाच आठ प्रोसेसमध्ये फुगला. मशीनची मेमरी संपली, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की कुणाला तरी मारून जागा करणारा, उठला. तो साधारणपणे सगळ्यांत जाडी प्रोसेस टिपतो. आठांपैकी प्रत्येक डेटाबेसपेक्षा बारीकच होती, म्हणून मेला डेटाबेस. चोर सोडून संन्याशाला फाशी! निम्मे ग्राहक एका प्रतिस्पर्ध्याने पळवले, "मोठं मशीन घ्या" एवढ्या एका सल्ल्यावर. अहो, गळका (घेतलेली मेमरी परत न करणारा) प्रोग्रॅम मोठं मशीनही खातो, फक्त उशिरा. हे तेव्हा कुणी ऐकलं नाही.

थांबले ते रिपोर्टवालेच. रोज रात्री त्यांच्याच प्रोग्रॅमवर आम्ही सीग्रुप, म्हणजे प्रोसेसच्या गटाला एकत्र मर्यादा घालणारी कर्नलची सोय, बसवून पाहिले. सीग्रुप लिनक्समध्ये जानेवारी २००८ ला, २.६.२४ बरोबर आले. आज आम्ही दुसरी आवृत्तीच वापरतो. यात हिशेब अख्ख्या कुटुंबाचा होतो, पोरं कितीही काढा.

आमची नेहमीची मांडणी सिस्टमडी-रनची (प्रोग्रॅम सीग्रुपमध्ये घालून चालवणारी कमांड) : मेमरीहाय ४०० एम (मेगाबाइट; इथून पुढे प्रोग्रॅमचा वेग आवळला जातो), मेमरीमॅक्स ५१२ एम (ही पक्की हद्द), मेमरीस्वॅपमॅक्स शून्य (स्वॅप, म्हणजे मेमरी म्हणून वापरलेली डिस्क, बंद). शेवटचं विसरू नका. नाहीतर प्रोग्रॅम मरत नाही, स्वॅपमध्ये घुसून डिस्क दळत बसतो आणि सगळ्यांनाच रखडवतो. सीग्रुपच्या मेमरी डॉट ओओएम डॉट ग्रुप या फाइलीत १ करा, म्हणजे मारायची वेळ आली की अख्खा गट मरतो. नाहीतर एकच पोर मरतं आणि बाकीची त्याची वाट बघत लटकतात.

प्रोसेसरच्या वेळेची हद्द सीपीयूकोटा. ५० टक्के म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५० मिळणार. प्रोग्रॅमचे चार थ्रेड (समांतर चालणारे धागे) प्रोसेसरच्या चार कोअरवर एकदम पळाले तर हे ५० साडेबारा मिलिसेकंदांतच उडतात आणि पुढचे साडेसत्याऐंशी सगळं गोठतं. "सीपीयू रिकामा दिसतोय, तरी प्रोग्रॅम अडखळतोय" अशी तक्रार आली की आधी सीग्रुपच्या सीपीयू डॉट स्टॅट फाइलीत एनआर थ्रॉटल्ड (किती वेळा गोठवलं, तो आकडा) बघा. आणि नाइसला (प्रोसेसचा प्राधान्यक्रम बदलणारी कमांड) मर्यादा समजू नका. तो फक्त रांगेतली जागा बदलतो, मशीन मोकळं असेल तर खादाड सगळंच खातो.

रिपोर्टवाल्यांची गळती अजून सापडलेली नाही. महिनाअखेरीस त्यांचा प्रोग्रॅम कधीकधी १३७ हा एक्झिट कोड देऊन मरतो. १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, जबरदस्तीने मारायचा सिग्नल. सकाळी सीग्रुपच्या मेमरी डॉट इव्हेंट्स फाइलीत ओओएम किलचा आकडा चढलेला असतो. डेटाबेस मात्र रात्रभर चालू असतो.