दारू आहे, टोप्या नाहीत

अमेरिकेत बंदुका कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि गोळ्या तर मागाल तितक्या, अशी आमच्या चोपड्याकडच्या मंडळींची पक्की समजूत आहे. त्यामुळे "आमच्याकडे ठासणीच्या बंदुकीच्या टोप्यांची टंचाई चाललीय" असं मी मामांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "तठे बी रेशनिंग शे का?" म्हणाले. सातपुड्याच्या पायथ्याशी मामांची शेती आहे. रानडुकरं मका आणि केळीची नासधूस करतात म्हणून त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. त्यामुळे आमच्या घरात या विषयावर माझ्याशी बरोबरीने बोलू शकणारा माणूस तेवढा एकच. बाकीच्यांसाठी हे लिहितेय.

मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथे ठासणीच्या बंदुकांनी निशाणेबाजी करणाऱ्यांचे क्लब गावोगावी आहेत. बंदुका बहुतेक नव्याच बनवलेल्या, पण घडण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी वर ठेवायची, गजाने ठासत तळापर्यंत न्यायची. मग चाप ओढला की आधी धूर, मग आवाज, आणि धूर विरल्यावर निशाण चुकल्याचं दर्शन. एका तासात पंधरा-वीस बार झाले तरी खूप. वेगाची हौस असणाऱ्यांनी इकडे फिरकूच नये.

या बंदुका दोन जातींच्या. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की आपटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटी असते. ती पोलादावर घासून ठिणग्या पाडते आणि नळीच्या बुडाच्या छिद्राशेजारच्या छोट्या वाटीतली दारू पेटवते. दुसरी टोपीची. टोपी म्हणजे आपली दिवाळीतली टिकली, फक्त तांब्याच्या इवल्याशा वाटीत बसवलेली आणि कितीतरी जहाल. ती नळीच्या बुडाशी असलेल्या निपल नावाच्या पोकळ बोंडावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटतो. टोपीचा शोध एकोणिसाव्या शतकातला. पावसात भरवशाची आणि झटकन पेटणारी असल्याने तिने चकमकीला पार मागे टाकलं. अलीकडच्या टंचाईने मात्र हा हिशेब उलटा करून दाखवला. बंदूक जितकी जुन्या पद्धतीची, तितकं तिच्या मालकाचं कमी अडलं.

झालं असं. 2020 साली महामारी, दंगे आणि निवडणूक एकदम आली आणि अमेरिकनांनी बंदुका घेण्याचा सपाटा लावला. त्या वर्षी खरेदीआधीच्या सरकारी तपासण्यांचा आकडा 4 कोटींच्या घरात गेला. एवढ्या नव्या बंदुकांना काडतुसं लागणार, काडतुसांना प्रायमर, म्हणजे बुडाशी बसवलेली पेटवणारी टिकली, लागणार. टोप्या बनवतात त्याच कंपन्या प्रायमरही बनवतात. मग गठ्ठ्याने खपणारा प्रायमर सोडून मूठभर हौशींच्या टोप्या कोण बनवत बसणार? त्यात टोप्या बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीचं त्याच वर्षी दिवाळं वाजलं. शंभर टोप्यांची चपटी डबी एरवी सहा-सात डॉलरला मिळायची. तिला लिलावाच्या साइटवर तिप्पट-चौपट भाव आला, आणि दुकानात दिसलीच तर "गिऱ्हाइकामागे एक" अशी पाटी.

हे कमी होतं म्हणून 2021 च्या सप्टेंबरात खुद्द दारूच अडली. या देशात खऱ्या काळ्या दारूचा मोठा कारखाना एकच, लुइझियानातल्या मिंडेन गावचा, गोएक्स नावाचा. त्या जूनमध्ये तिथे स्फोट झाला होता. सप्टेंबरात हॉजडन या मालक कंपनीने उत्पादन बंद करतोय म्हणून जाहीर केलं. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहायला हवे होते. पुढे 2022 च्या जानेवारीत तो कारखाना विकत घेतला एस्टेसने. ही कोलोरॅडोची कंपनी शाळकरी पोरांची खेळण्यातली रॉकेटं बनवते. त्या रॉकेटांच्या इंजिनातही हीच काळी दारू असते, म्हणून त्यांना तिची गरज होतीच. तोफांच्या दारूला पेटवण करण्यासाठी लष्करालाही ती लागते. आम्ही हौशी म्हणजे या धंद्यातलं शेवटच्या पंगतीतलं गिऱ्हाईक.

स्वित्झर्लंडातल्या ओबोनची दारू येते, ती फार सुंदर आणि तितकीच महाग. जर्मनीची शुत्झेनही येते. गोएक्स बंद होताच सगळे त्या दोघींवर तुटून पडले. पूर्वी पौंडाचा डबा वीसेक डॉलरला यायचा, आता तिशीच्या पुढेच बोलायचं.

तुम्ही म्हणाल, दारूऐवजी दुसरं काही चालत नाही का? चालतं. पायरोडेक्स आहे, ट्रिपल सेव्हन आहे, दुकानात ढिगाने असतात. कारण खरी काळी दारू कायद्याने स्फोटक. ती विकायला दुकानदाराला संघराज्याचा स्फोटकांचा परवाना लागतो, साठवायला वेगळं कोठार लागतं. एवढा उपद्व्याप कोण करतो? पर्यायी दारूला ती कटकट नाही, म्हणून दुकानदाराला ती प्यारी. पण ती पेटायला जास्त उष्णता मागते. टोपीच्या तडाख्याने पेटते, गारगोटीच्या ठिणगीला दाद देत नाही. म्हणजे बघा, टोपीवाल्यांकडे पर्यायी दारू होती पण टोप्या नव्हत्या. चकमकवाल्यांना टोप्या नकोच होत्या पण खरी दारू हवी होती. दोघेही दुकानात उभे, एकमेकांकडे बघत.

गंमत म्हणजे विकणाऱ्याला इतकी बंधनं असली तरी हौशी माणसाला जुन्या धर्तीच्या बंदुकीसाठी 50 पौंडांपर्यंत काळी दारू परवान्याशिवाय बाळगता येते, असा संघराज्याचा कायदा आहे. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे. हे मामांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांच्या परवान्यावर किती दारू आणि किती टोप्या घ्यायच्या ते लिहिलेलं असतं आणि निवडणूक लागली की बंदूकच पोलीस ठाण्यात जमा.

या 50 पौंडांनी टंचाई वाढवली असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या तळघरात आधीच दहा वर्षं पुरेल इतका माल होता त्यांनीच पहिल्या आठवड्यात दुकानं रिकामी केली. आमच्या खानदेशात उन्हाळा लागला की आई-काकू पापड, कुरडया, बिबड्या घालतात, डाळी करून ठेवतात, मसाला कुटतात. ती बेगमी, घरात किती तोंडं आहेत ते मोजून केलेली. इथे जे चाललं ती निव्वळ हाव होती, भीतीचं सोंग घेतलेली.

ज्यांनी साठा केला नव्हता त्यांनी मार्ग काढले. दारू टपालाने येत नाही. खाजगी वाहतूक कंपनी आणते आणि धोकादायक मालाचा वेगळा आकार लावते. एक डबा मागवा की पंचवीस, आकार तोच. म्हणून आमचा क्लब आता सगळ्यांची मागणी एकत्र करून खोकंच मागवतो. एकाच्या घरी उतरवायचं आणि शनिवारी वाटून घ्यायचं. आपल्याकडे दोन-तीन शेतकरी मिळून खताचा ट्रॅक्टर बोलावतात, त्याच हिशेबाने.

दुसरं, माप कमी केलं. पन्नास यार्डांवरच्या कागदाला हरणाच्या शिकारीइतकी दारू कशाला? पुस्तकातल्या शिफारशीच्या खालच्या टोकाला राहूनही निशाण उत्तम लागतं. उलट खांद्याला मार कमी बसतो म्हणून माझं थोडं सुधारलं. तिसरं, वाटीत टाकायची अगदी बारीक दारू वेगळी घेणं थांबवलं. काळ्या दारूच्या दाण्याला जाड ते बारीक अशा श्रेणी असतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. चार एफची दारू वाटीसाठी म्हणून विकतात, पण नळीत घालतो ती तीन एफचीच वाटीतही छान पेटते. फरक डोळ्याला कळत नाही. फरक कळतो म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

गारगोटीचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. इंग्लंडात सफकमधल्या ब्रँडन गावची काळी आणि फ्रान्सची मधाच्या रंगाची, या दोन नावाजलेल्या. जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरून बसवायची. काही बार झाले की धार बोथट होते, ठिणग्या पिवळट आणि आळशी पडायला लागतात. तेव्हा बंदूक रिकामी आहे याची खात्री करून तांब्याच्या टोचणीने धारेचे बारीक कपचे दाबून उडवायचे. कट्-कट् करत नखाएवढे पापुद्रे निघतात आणि पुन्हा कोरी धार. एकच दगड असा पुन्हा पुन्हा कामाला येतो, अगदी चण्याएवढा उरेपर्यंत. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांचा एक खास हंगाम असतो, 1974 पासूनचा, त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते. म्हणून इथल्या पुष्कळ शिकाऱ्यांच्या घरात ती असते. शेजारच्या राज्यांतले टोपीवाले हात चोळत बसले तेव्हा आमच्याकडचे जुनेजाणते गालातल्या गालात हसत होते. (मी हरणं मारत नाही. आईने हे वाचलं तर तिच्यासाठी.)

चिंधीची टंचाई मला कधीच पडली नाही, पडणारही नाही. गोळीभोवतीची चिंधी शुद्ध सुती किंवा तागाची हवी. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर ते नळीत वितळून चिकटतं. इथे गादीच्या पट्टेरी कापडाची फॅशन आहे. मी जळगावहून मांजरपाट आणते, धुऊन खळ काढते. कापसाच्या मुलखातली मी, अमळनेरच्या प्रताप मिलच्या गोष्टी ऐकत वाढलेली. चिंधी अमेरिकेत विकत घ्यायची म्हणजे जिवावर येतं. तिला मेण आणि ऑलिव्ह तेल चोपडायचं. खनिज तेल नको, त्याने नळीत डांबरासारखं किटण धरतं.

शिसं मात्र हुडकावं लागतं. गोळीला मऊ, शुद्ध शिसं लागतं. गाडीच्या चाकाची जुनी वजनं बहुतेक अँटिमनी घालून कडक केलेली असतात, नवी तर लोखंडाची किंवा जस्ताची, आणि जस्ताचा एक तुकडा पातेल्यात गेला की सगळा घाणा वाया. त्यामुळे छपराच्या जुन्या पत्र्यांवर, क्ष-किरण खोलीच्या भिंतीतून निघालेल्या शिशावर सगळ्यांचा डोळा. गोळ्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून ओतायच्या. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, जास्त तापला तर ती दुधाळ दिसते. सुरकुतलेल्या पुन्हा पातेल्यात. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचं नाही.

टंचाईत दोन वेडेपणाही पाहिले. एक म्हणजे काळ्या दारूऐवजी आधुनिक काडतुसातली धूरहीन दारू घालावी का, असा विचार. नळी फुटून हात जातो, विषय संपला. दुसरा म्हणजे घरीच दारू बनवायचा. त्या मंडळींनी एकदा डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठचं हॅगली संग्रहालय बघून यावं. 1802 साली ड्यू पाँ यांनी तिथे दारूचा कारखाना काढला. गिरणीच्या तीन भिंती दगडी, जाडजूड. चौथी, नदीकडची, मुद्दाम तकलादू. स्फोट होणार हे धरूनच बांधकाम केलेलं, झाला तर छप्पर आणि आतला माणूस नदीपार जावा, शेजारची गिरणी वाचावी. आयुष्यभर हेच काम करणाऱ्यांची ही तयारी. गॅरेजात मिक्सर लावणाऱ्याची काय असणार?

त्याच ड्यू पाँ घराण्यातल्या लॅमॉटला यादवी युद्धाच्या वेळी, 1861 मध्ये, सरकारने गुपचूप इंग्लंडला धाडलं होतं. कशासाठी? हिंदुस्थानचा सोरा विकत घ्यायला. दारूतला मुख्य घटक सोरा, आणि तेव्हा जगाला तो मुख्यतः बिहारकडून जायचा. त्याने माल उचलला तेवढ्यात अमेरिकी नौदलाने ट्रेंट हे ब्रिटिश जहाज अडवल्याचं प्रकरण उद्भवलं, ब्रिटिशांनी निर्यात रोखली, आणि जहाजं सुटली ती भांडण मिटल्यावर. म्हणजे आजची टंचाई काही पहिली नव्हे. मामांना हा किस्सा फार आवडला. "मंग आपलाच माल!" म्हणाले.

सध्या बरं चाललंय. एस्टेसची दारू बाजारात आली आहे, टोप्याही अधूनमधून दिसतात, भाव मात्र खाली यायचं नाव घेत नाहीत. दिवाळीत घरी येणार म्हटल्यावर धाकट्या मामेभावाने यादी पाठवली, तिच्यात सर्वांत वर "दादांसाठी (म्हणजे मामांसाठी) टोप्या, निदान दोन डब्या". तर बाबा रे, विमानात दारू आणि टोप्या हातातल्या पिशवीतही चालत नाहीत आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाहीत. आणि चालल्या असत्या तरी परवान्याबाहेरचा दारूगोळा मामांच्या घरात उतरवण्याची माझी छाती नाही. गारगोट्या आणता येतील, त्यांना कोणी हरकत घेत नाही. पण मामांची बंदूक टोपीची.