सरडा, पवनचक्की आणि एक काडी

सरड्याचा फोटो काढायला मे महिन्यात पहाटे पाचला साताऱ्याचा बोगदा पार केला आणि सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर पोहोचलो. ऊन चढेपर्यंत सरडा दगडावर येतच नाही, हे दुसऱ्या खेपेला कळलं. म्हणजे पहिल्या दिवशीची झोपमोड फुकट!

तिसऱ्या खेपेला जांभ्यावर पोटावर पडून होतो. कोपरं सोलली होती. समोरच्या दगडावर नर चढला, मान उचलली आणि गळ्याखालच्या कातडीचा पंखा फटकन उघडला. निळा, काळा, नारिंगी. पापणी लवेपर्यंत मिटलासुद्धा. 2016 साली शास्त्रज्ञांनी याचं नाव ‘सराडा सुपर्बा’ ठेवलं. त्यातलं सराडा आपल्या ‘सरडा’वरूनच घेतलंय.

फोटो झकास, फक्त पंख्यावरून गवताची एक काडी आडवी गेलेली. घरी कॉम्प्युटरवर पुसली. फोटो स्पर्धेला पाठवला आणि विसरलो.

दोन महिन्यांनी मेल आला: अंतिम फेरीत आहात, मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून जशी निघाली तशी) पाठवा. तेव्हा कुठे नियम नीट वाचले. क्रॉप चालतं, उजेड कमीजास्त चालतो, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढलेले चालतात. चित्रातली वस्तू काढायची नाही, घालायची नाही. आणि रॉ फाइलमध्ये काडी जागच्या जागी! लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेनं 2018 साली मुंगीखाऊच्या एका फोटोचं बक्षीस काढून घेतलं होतं. प्राणी पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. त्यापुढे माझी काडी ती काय, असं रात्रभर घोकलं. सकाळी फाइल पाठवली, काडीचंही लिहिलं. एका ओळीत बाद.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा तिथंच. आधी मी पवनचक्क्या फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून अंग वाकडं करायचो. पण याच पठारावरचा 2018 चा अभ्यास वाचनात आला: पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. मग तर पाती फ्रेममध्ये हवीच! लांबचं टिपणारी टेली लेन्स बाजूला ठेवली, जास्त परिसर मावणारी वाइड लेन्स लावली आणि हातभर अंतरापर्यंत सरपटत गेलो. दोन नर पळाले. तिसरा थांबला.

या वेळी रॉ फाइल मागितली तेव्हा पाच मिनिटांत पाठवली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

आईच्या मोबाइलवर मात्र अजून काडी पुसलेलाच फोटो आहे. पवनचक्कीवाल्यात सरडा बारीक दिसतो म्हणते.