एका माइकवरचे ड्रम

आज दुपारी भुसावळला मामांकडे ‘द सॉनिक्स’ या अमेरिकन बँडचा १९६५ सालचा पहिला अल्बम तबकडीवर सलग ऐकला. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहराच्या या पाच तरुणांनी तो अवघ्या दोन ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाचे दोनच स्वतंत्र पट्टे नोंदवणाऱ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला होता आणि संपूर्ण ड्रमसंचासाठी एकच माइक वापरला होता. त्यामुळे ड्रम, गिटार, सॅक्सोफोन आणि गायक जेरी रोझली यांची घसा फाटेस्तोवरची आरोळी हे सारे एकमेकांवर आदळत येते. हा फाटका, ओबडधोबड नाद म्हणजे दोष नव्हे, तोच या संगीताचा प्राण आहे, असे माझे ठाम मत आहे. पंक या खरबरीत, बंडखोर रॉक संगीताची लाट यायला तेव्हा सुमारे दहा वर्षे अवकाश होता!

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच गतीने फिरत असली, तरी सुई आत सरकते तसतसा तिच्याखालून खाच सरकण्याचा वेग कमी होत जातो आणि शेवटच्या गाण्यांतील तीक्ष्ण स्वर अधिक विरूप होतात. एरवी खटकणारी ही गोष्ट येथे मला मनापासून आवडली.

मामा तबकड्या आतल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत उभ्याच ठेवतात, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीपाशी राहिलेली तबकडी हमखास वाकते. जळगाव-धुळ्याकडे कुणाच्या घरी जुन्या तबकड्या आडव्या रचून ठेवलेल्या असतील, तर कृपया उन्हाळ्यापूर्वी त्या उभ्या कराव्यात.