बी बाजू

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात कॅसेटी येतात त्या बहुतेक कीर्तनाच्या, नाट्यगीतांच्या, नाहीतर घरातल्या कुणाच्या मुंजीत टेप केलेल्या. त्या पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या, हा आमचा धंदा. म्हणून गेल्या पावसाळ्यात एका काकांनी पिशवीतून 'द क्युअर' या इंग्लिश रॉक बँडची कॅसेट काढली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'स्टँडिंग ऑन अ बीच', १९८६. कव्हरवर सुरकुतलेला म्हातारा कोळी.

काका फाइन आर्ट्सचे जुने विद्यार्थी. कॅसेट इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आत्येभावानं पाठवलेली.

"ए बाजू राहू दे रे. ती गाणी कुठेही मिळतात. मला बी पाहिजे."

मागणी चोख होती. या संग्रहाच्या रेकॉर्डवर १९७८ ते १९८५ची तेरा सिंगल्स, म्हणजे एकेक सुटी काढलेली गाणी, बस. कॅसेटवाल्यांना मात्र मागच्या बाजूला बारा गाणी जादा मिळाली. त्या सिंगल्सच्या रेकॉर्डींच्या मागच्या बाजूला आलेली आणि तेव्हा एरवी हाती न लागणारी. कॅसेटला असं झुकतं माप क्वचितच मिळालं असेल.

पट्टीवर पांढरी बुरशी होती आणि दाब देणारी फेल्टची गादी गळून पडली होती. पट्टी दुसऱ्या कवचात घातली, हळूहळू गुंडाळत कोरड्या कापडानं पुसली. हेडचा स्क्रू किंचित फिरवल्यावर झांजा उघडल्या. कॅसेटला घाई चालत नाही, पाऊण तासाची बाजू पाऊण तासच घेते, त्यामुळे सगळं ऐकणं भागच होतं. १९८१चं 'स्प्लिंटर्ड इन हर हेड' म्हणजे नुसता ढोलांचा काळोख. १९८३च्या 'द ड्रीम'मध्ये मात्र कीबोर्ड बागडतोय. मध्ये बासवाला सायमन गॅलप बँड सोडून गेला होता आणि ड्रमवाला लॉल टॉलहर्स्ट कीबोर्डकडे वळला होता. हे वळण मला तरी ए बाजूपेक्षा इथेच जास्त स्पष्ट ऐकू आलं. गाजण्याची जबाबदारी नसलेल्या गाण्यांत माणसं मोकळी वागतात.

घोळ बी बाजूच्या पहिल्याच गाण्यात होता. 'आय'म कोल्ड', १९७९, मागे गायिका सूझी सूचा आवाज. कधीतरी डेकनं पट्टी चावली होती, तिथे आवाज बुडायचा. नखानं कितीही सपाट केली तरी तो वर येईना. हीच गाणी २००४च्या 'जॉइन द डॉट्स' या चार सीडींच्या संचात आहेत. म्हटलं, "काका, तेवढा तुकडा तिथून घेऊन जोडतो."

"जोड. पण ठिगळ कळता कामा नये."

कळलं ना! सीडीचा तुकडा जास्त चकचकीत होता, मोठाही, आणि सुराला किंचित चढा, कारण पट्टी ताणून हळू चालत होती. वेग उतरवला, झांजा दाबल्या, वर पट्टीची खरखर पसरली. सेकंद मोजकेच, दुपार त्यात गेली. शेजारच्या फरसाणवाल्यानं दोनदा डोकावून विचारलं, रेडिओ बिघडला का.

संध्याकाळी काका हेडफोन लावून बसले. 'आय'म कोल्ड' संपलं तरी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुठे होतं रे ते?"

मी सांगितलं. आणि हेही, की पट्टी एकच असल्यामुळे ती चुरगळ दुसऱ्या बाजूलाही असणार. बीची सुरुवात म्हणजे एचा शेवट. 'क्लोज टू मी' तिथेच कुठेतरी.

"मग ए पण करून टाक," काका म्हणाले, आणि दोन बाजूंचा मिळून भाव काय लावणार ते विचारू लागले.