भेंडीची तार घालवायची कशाला?

गच्चीवर भाजी लावते म्हटलं की भेटेल तो एक प्रश्न हमखास विचारतो, भेंडीला तार सुटते ती कशी घालवायची. म्हणून आधी त्याचंच सरळ उत्तर देते. भेंडी आख्खीच धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची आणि मगच चिरायची, कढई पसरट, आच मोठी, झाकण अजिबात नाही आणि मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी सुटतं आणि पाणी मिळालं की चीक पसरतो. दोन आमसुलं टाका, आंबटाने चीक पातळ पडतो. बास, एवढंच आहे.

पण मला बोलायचंय ते त्या तारेबद्दलच. या झाडाकडे सगळ्यात मोलाचं जे आहे नेमकं तेच आपण घालवत बसतो.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात बघा. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की त्यात भेंडीचा चीक घालतात, बऱ्याचदा रानभेंडीचा. खोडं ठेचायची, पाण्यात भिजवून हाताने चोळायची, पाणी चांगलं बुळबुळीत झालं की रसात ओतायचं, मग रसातला गाळ त्या चिकात अडकून फेसाबरोबर वर येतो, ती मळी काढत राहायची आणि खाली रस स्वच्छ होत जातो. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकणारेही आहेत, पण बिगर केमिकलचा गूळ करणारे अजून भेंडीवरच भरवसा ठेवतात. तो गूळ जरा काळपट दिसतो, मी तोच घेते.

आणि जपानात तर अशाच चिकावर कागद होतो! हाताने करतात तो वॉशी कागद, त्यासाठी भेंडीच्या चुलत बहिणीच्या, तोरोरो आओईच्या मुळ्यांचा चीक पाण्यात मिसळतात. त्यामुळे ज्या सालीचा कागद करतात तिचे तंतू गोळा न होता पाण्यात सुटे तरंगत राहतात, साच्यातून पाणी सावकाश निथळतं आणि पातळ, एकसारखा कागद बसतो. ओले कागद एकावर एक रचले तरी नंतर सुटे होतात. चिकट पदार्थ घालून कागद चिकटत नाहीत, मला हे वाचल्यापासून अजून नवल वाटतं.

या बहिणीचं शास्त्रीय नाव अबेलमॉस्कस मॅनिहॉट, आणि तिचं आपल्या मराठवाड्याशी नातं आहे. भेंडीवर हळद्या रोग येतो, पांढरी माशी तो पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, भेंड्या पण फिकट निघतात. पुसा सावनी ही जुनी जात त्याला बळी पडायला लागली, मग परभणीच्या कृषी विद्यापीठात पुसा सावनीचा संकर या मॅनिहॉटशी करून रोगाला तोंड देणारी परभणी क्रांती तयार केली. पुढे कित्येक वर्षं शेतकऱ्यांनी तीच लावली.

बाकी उपयोग म्हणाल तर खोडाच्या सालीचा अंबाडीसारखा वाख निघतो, दोऱ्या होतात (कापूस, जास्वंद, अंबाडी आणि भेंडी सगळे एकाच कुळातले). जून बियांचं तेल निघतं. अमेरिकेत 1861 ते 65 च्या यादवी युद्धात दक्षिणेकडे कॉफी मिळेना तेव्हा लोक भेंडीच्या बिया भाजून, दळून उकळून प्यायचे.

आणि खाण्यात तर कितीतरी ठिकाणी तार हवीच असते. नायजेरियात चीक जास्त सुटावा म्हणून भेंडी अगदी बारीक चिरतात, किसतातसुद्धा, आणि ते सूप कसाव्याच्या (ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या) घट्ट गोळ्याबरोबर खातात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ही चव अमेरिकेत गेली, लुइझियानातल्या गंबो नावाच्या दाट रश्श्याला बऱ्याचदा भेंडीनेच दाटपणा येतो.

त्यामुळे पुढच्या वेळी भेंडी जरा जास्त आली तर ताकातली भेंडी करून बघा, लसूण मिरचीची फोडणी, भेंडी थोडीच परतायची, आंबट ताक घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, बेसन नेहमीपेक्षा कमी लागेल कारण दाटपणा भेंडीच देते, आणि बरोबर गरम भात.