आमची वाटचाल : नदीकाठचं वाइंडिंगचं दुकान

आमचा धंदा मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं) आणि पंप दुरुस्तीचा, पण तो आम्हाला लावला नदीनंच. आजोबांची शेती काठाला, मोटर बिघडली की मेकॅनिक यायला दोन-दोन दिवस, तोवर पीक माना टाकायचं, म्हणून वडील स्वतःच खोलून बघायला लागले. आधी ग्लँडची दोरी (पंपाच्या दांड्याभोवती गळती थांबवणारी) बदलणं, फूट व्हॉल्व (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) साफ करणं, मग वाइंडिंग शिकले, शेजारपाजारचे पण मोटरी आणून टाकायला लागले आणि गोठ्याचं दुकान कधी झालं कळलंच नाही.

उन्हाळ्यात तक्रार एकच, मोटर फिरते पण पाणी उचलत नाही. निम्म्या वेळा मोटरीला काही झालेलंच नसतं, नदी खाली गेलेली असते आणि पंप पावसाळ्यात ठेवला तिथंच. पंप पाणी ओढतो असं वाटतं ना, तसं नाहीये. पंप पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा नदीवर दाब देते म्हणून पाणी चढतं, ते पण कागदावर जास्तीत जास्त 10.3 मीटर, प्रत्यक्षात सहा-सात मीटर झालं की बास. वडील गिऱ्हाइकाला म्हणायचे, "नदी खाली गेली ना, मग तू पण खाली जा की." पंप विकायचा सोडून फुकट सल्ला देतात म्हणून आई चिडायची (तिचं पण चूक नव्हतं).

दुकान आधी अगदी काठाला होतं. एका पुरात रात्रीत पाणी शिरलं, लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटरी बुडाल्या, काढल्या तर इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या पंख्यात) गाळ आणि एका टर्मिनल बॉक्समध्ये (वायरी जोडायच्या डबीत) बोटाएवढा मासा! मी घाईत एक मोटर वरवर पुसून चालू केली, भपकन जळाली, पदरचे पैसे घालून भरून दिली. तेव्हापासून आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, आत बल्ब लावून दोन-तीन दिवस सुकवायची, मेगरवर (वाइंडिंगमधून करंट गळतो का ते तपासायच्या मीटरवर) रीडिंग नीट आल्याशिवाय करंट द्यायचा नाही.

आता दुकान उंचावर आहे. वडील काम करत नाहीत, पण पावसाळ्यात रोज संध्याकाळी काठावर जाऊन कुठला दगड बुडाला ते बघून येतात, आणि त्यांनी मान हलवली की मी यादी काढून फोन लावत बसतो, मोटरी वर घ्या म्हणून. बरेच जण घेतात. जे हसतात त्यांच्या मोटरी आठवड्याभरात चिखलासकट आमच्याच दारात येतात.