आधी नाव का विचारते

काहीही पुढे पाठवण्याआधी ते कुणाचं, कुठलं हे मी का विचारते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कुणी दूरच्या देशातलं गाणं, नाचाचा व्हिडिओ किंवा जुना फोटो पाठवला की मी लगेच "हे कुठलं? कोण गातंय?" असं विचारते, आणि मग हमखास ऐकायला मिळतं की अहो छान आहे ना, पाठवा की पुढे, एवढी चौकशी कशाला, संगीताला कुठे देश असतो.

पुढे पाठवावं हे मला शंभर टक्के मान्य आहे, बाहेरचं ऐकल्याने आपलं बुडतं वगैरे मला अजिबात पटत नाही. फक्त ते कुणाचं, कुठलं हे नाव सोबत जाऊ दे. का ते एका अंगाईवरून सांगते.

पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटं आहेत, त्यातलं एक मलाइता. तिथे १९७० च्या सुमारास ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने अफुनाक्वा नावाच्या बाईच्या आवाजात 'रोरोग्वेला' ही अंगाई रेकॉर्ड केली, पुढे ती युनेस्कोच्या लोकसंगीत मालिकेत आली. मग १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तोच आवाज उचलला, खाली बीट्स टाकले आणि 'स्वीट ललबाय' नावाने ते गाणं जगभर वाजलं, जाहिरातींतसुद्धा. त्याच अल्बममध्ये मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या पिग्मी लोकांचे आवाज होते, त्यामुळे बऱ्याच जणांनी हेही तिथलंच धरलं, इतकं की १९९६ मध्ये यान गार्बारेक या नामवंत सॅक्सोफोनवादकाने ती चाल वाजवली तेव्हा तिचं नावच 'पिग्मी ललबाय' झालं. कुठे मलाइता, कुठे आफ्रिका! झेम्प यांनी त्याच वर्षी या सगळ्या प्रकाराबद्दल नाराजीचा लेख लिहिला, पण गाणं ऐकलेल्यांपैकी कितीजणांपर्यंत तो पोचणार.

आणि शब्द काय आहेत माहितीये? मोठं भावंड रडणाऱ्या धाकट्याला समजावतंय की रडू नकोस रे, आता तुला कडेवर कोण घेणार, आपण दोघंही पोरके झालो, पण गेलेली माणसं मृतांच्या बेटावरून आपल्याकडे लक्ष ठेवतील. हे कळल्यावर ते गाणं मला परत पहिल्यासारखं ऐकताच आलं नाही, जास्त आवडायला लागलं. म्हणजे माहितीने मजा जाते म्हणतात ना, माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

२००६ मध्ये मॅट हार्डिंगचा देशोदेशी नाचण्याचा व्हिडिओ खूप फिरला, त्यामागे हेच गाणं होतं. त्याला मी दोष देत नाही, कारण पुढच्या वर्षी तो अफुनाक्वाला शोधत थेट सॉलोमन बेटांवर गेला. तोवर ती वारली होती.

पैशांचंही तसंच. 'द लायन स्लीप्स टुनाइट' हे इंग्रजी गाणं जगभर गाजलं, पण ते मुळात दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडांनी १९३९ मध्ये रेकॉर्ड केलेल्या 'म्बुबे'वरून आलंय. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच गेले, गाण्याच्या मोबदल्यासाठी त्यांच्या मुलींना कोर्टात जावं लागलं, तडजोड झाली ती २००६ मध्ये.

आता हे नाव गळणं तर अजूनच सोपं झालंय. स्क्रीन रेकॉर्ड केलं, कडेचा मजकूर क्रॉप केला, वर स्वतःचा लोगो टाकला की संपलं. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर फाइलमधली कुठे-कधी काढला ही माहितीसुद्धा निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणून मी मूळ लिंक मागते, आणि मिळाली तर तीच पुढे पाठवते.

कधीकधी शोधता शोधता असंही कळतं की ही गोष्ट फिरवू नये. ऑस्ट्रेलियात टीव्हीवर काही कार्यक्रमांआधी सूचना येते की यात मृत व्यक्तींची चित्रं किंवा आवाज असू शकतात, कारण तिथल्या अनेक आदिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं, चेहरा दाखवणं टाळतात. असं काही कळलं तर मी थांबते, मग क्लिप कितीही सुंदर असो.

आणि नाव सापडलंच नाही तर? तरी पाठवते, पण सोबत "कुणाचं आहे माहीत नाही, कळलं तर सांगा" असं लिहिते. अनोळखी लोक खरंच सांगतात हो, कुणी गावाचं नाव कळवतं, कुणी दोन ओळींचा अर्थ लिहून पाठवतं.